कानाने भाजलेली कॉफी

सन १९६४ च्या जानेवारीत सिल्वासा येथे अनंत पारुळेकर यांच्या कॉफीच्या दुकानात मी जे पाहिले, ते यथाक्रम नमूद करणे मला आवश्यक वाटते. मी तेव्हा तेथील शाळेत गणित शिकवीत असे. सायंकाळी सव्वापाच वाजता त्या दुकानातील खिडकीजवळची जागा माझी ठरलेली होती.

अनंतराव मूळचे वेंगुर्ल्याचे. पोर्तुगीज अमलात एका साहेबाच्या मुदपाकखान्यात ते कॉफीच्या बिया भाजण्यास शिकले. साहेब मायदेशी गेला आणि अनंतरावांनी कचेरीसमोर चार बाकांचे दुकान थाटले. दर मंगळवारी गिऱ्हाइकांदेखत लोखंडी कढईत बिया भाजायच्या, दळायच्या, कॉफी फडक्यातून गाळायची आणि दूध घातल्यावर सहाणेवर उगाळलेले जायफळ बोटाने वर सोडायचे, हा त्यांचा परिपाठ. कढई केव्हा उतरवायची, हे सर्वस्वी त्यांचे नाक ठरवी.

त्या हिवाळ्यात ते तापातून उठले आणि पहिल्याच मंगळवारी कॉफी करपट लागली. आम्ही भिडेखातर ती तशीच प्यायलो. कचेरीतील कारकून जयवंत मात्र म्हणाला, "अनंतराव, ही कॉफी की दंतमंजन?"

सगळे हसले. दुकान रिकामे झाल्यावर अनंतराव मला म्हणाले, "गुरुजी, तापानं माझं नाक नेलं. कापूर हुंगला तरी काही नाही. पुढच्या मंगळवारी असंच झालं, तर दुकान बंद करून गावी जातो."

त्यांच्या पत्नी मालतीबाई आतून बाहेर आल्या. "चुलीच्या धुरात मला तरी कुठं वास येतो? पण भाकऱ्या थापताना ऐकू येतं. बिया एकदा तडतडतात, मग गप्प होतात. दुसऱ्यांदा तडतडायला लागल्या, की तुमची कढई उतरते. नऊ वर्षं ऐकतेय."

"दोनदा तडतडतात?" अनंतरावांनी विचारले. स्वतःच्या कढईचा आवाज त्यांनी कधी ऐकलाच नव्हता.

पुढच्या मंगळवारी दुकान भरले होते. मालतीबाई कढईपाशी उभ्या राहिल्या. "जयवंतभावजी, आता अवाक्षर काढलंत, तर जायफळाऐवजी तुम्हाला उगाळीन!"

अनंतरावांनी डोळे मिटले. उलथणे फिरत राहिले. बिया मोहरीसारख्या मोठ्याने तडतडल्या, मग शांत झाल्या. ती शांतता किती वेळ टिकली, हे घड्याळ हाताशी असूनही मी पाहिले नाही. माझ्या आयुष्यात करायची राहून गेलेली ती एकमेव नोंद असावी. मग अगदी बारीक, वाळलेल्या पानावर पाय पडावा तसा आवाज आला. मला तो जेमतेम ऐकू आला. अनंतरावांनी तत्क्षणी कढई उतरवली.

वास दुकानभर पसरला. मी चाळीस वर्षे शिकवले, परंतु एका इंद्रियाचे काम दुसऱ्याने इतक्या अचूकपणे उचललेले पुन्हा पाहिले नाही.

पहिला पेला जयवंतला दिला गेला. त्या कॉफीची चव अनंतरावांना स्वतः कळणार नव्हती. ते जयवंतच्या चेहऱ्याकडे पाहत राहिले. जयवंतने घोट घेतला, पुन्हा घेतला, पेला रिकामा करून खाली ठेवला.

"अनंतराव, शनिवारी आमचे मेहुणे येताहेत मुंबईहून. फार शिष्ट आहेत. त्यांना इथंच आणीन म्हणतो. उघडं असेल ना?"

अनंतरावांनी पंच्याने चेहरा पुसला. "असेल," ते म्हणाले. "सकाळी सातपासून."