झबिबूच्या मागोमाग

दुसऱ्याच्या घरात काय चाललंय हे कळल्याशिवाय मवानाखेरीला, म्हणजे साऱ्यांच्या खेरीला, चैन पडत नसे. लामू बेटावरच्या आपल्या बोळात रोज सकाळी ती उंबऱ्याशी बसून महामरी तळायची. नारळाच्या दुधात मळलेले ते वेलचीच्या वासाचे तिकोनी वडे कागदात बांधता बांधता ती गिऱ्हाइकाकडून घरची सगळी खबर काढून घ्यायची. कोणाचा मुलगा मोंबासाहून परतला, कोणाची गाढवी व्यायली, कोणी कोणाशी अबोला धरलाय, सगळं तिच्याकडे जमा. धाकटी बहीण साउमू वरच्या मजल्यावर राहायची. ती म्हणायची, ताईला कबरीत ठेवतील तेव्हा शेजारी कोण निजलंय ते ती आधी विचारून घेईल.

त्यामुळे तिची मांजर विचित्र वागायला लागली तेव्हा ती घाबरली नाही. तिला प्रश्न पडले.

मांजरीचं नाव झबिबू. झबिबू म्हणजे मनुका; तिचा रंगच तसा. खेरीचा नवरा होता तेव्हापासूनची, म्हणजे चांगलीच म्हातारी. आता ती माशाचं डोकं चाटूनपुसून खाई आणि लगेच रिकाम्या बशीसमोर बसून उपाशी असल्यासारखी ओरडे. दार उघडायची वाट पाहायची, पण बिजागरीच्या बाजूला नाक लावून. कोपऱ्यात शिरली की मागे फिरायचं विसरून जाई. साउमूचं म्हणणं, तिला जिन दिसतो. तिने एक ताईत आणून मांजरीच्या गळ्यात बांधला. तो दुसऱ्याच दिवशी कुठेतरी पडला.

खेरीने तिला टोपलीत घालून गाढवांच्या दवाखान्यात नेलं; जनावरांचा डॉक्टर तिथेच मिळायचा. डॉक्टरने डोळे, दात, पोट सगळं तपासलं. म्हणाला, म्हाताऱ्या माणसांना विसर पडतो ना, तसंच हे. बरं होण्यातलं नाही. तिची बशी, पाणी, झोपायचं पोतं मात्र जागचं हलवू नका.

"पण मग तिला आठवतं काय?" खेरीने विचारलं. "सगळंच कसं जाईल?"

"ते तिलाच विचारा," डॉक्टर हसून म्हणाला.

तो गमतीत बोलला, पण खेरीच्या डोक्यात ते बसलं. दुसऱ्या दिवशी वडे संपल्यावर तिने कढई उतरवली, बुरखा चढवला आणि घराबाहेर पडलेल्या झबिबूच्या मागे निघाली.

मांजर रमतगमत चालली. मशिदीपाशी ती डावीकडे वळली आणि भिंतीला जाऊन धडकली. थोडा वेळ भिंतीकडे बघत बसली, मग वळसा घालून पलीकडे गेली. खेरी तिथेच थबकली. इथून पूर्वी एक चिंचोळी वाट होती. कोणीतरी घर विकत घेऊन वाढवलं आणि ती बुजवली. इतकी वर्षं खेरी वळसा घालूनच जात होती. तिथे वाट होती हे ती स्वतःच विसरली होती.

"म्हणजे तू जुन्या गावात फिरतेयस होय," ती मांजरीला म्हणाली.

झबिबू थेट कासिमू शिंप्याच्या दुकानात शिरली आणि मशीनखाली त्याच्या पायाशी बसून ओरडू लागली.

"ही तुमची का?" कासिमू वैतागून म्हणाला. "रोज येते. काल नवरदेवाच्या झग्यावर लोळली. पांढऱ्या. सगळे केस वेचत बसलो मी."

"तुझ्या आधी इथे काय होतं रे?"

"मला काय ठाऊक? भिंतीत लोखंडी आकडे होते मोठाले. खाटीक असावा."

खेरीला एकदम आठवलं. शाली खाटीक. अबोल, तोतरा माणूस. मटण तोलायचा, मान हलवायचा, बस्स. वारला त्यालाही बरीच वर्षं झाली. त्याची बायको झुहुरा गावाच्या दुसऱ्या टोकाला भावाकडे राहायला गेली होती, कुठे फारशी येत-जात नसे.

त्याच दुपारी खेरी मांजरीला टोपलीत घालून तिच्याकडे गेली. झुहुराने टोपलीत डोकावून पाहिलं आणि खालीच बसली.

"ही तर आमची किटोवेओ."

किटोवेओ म्हणजे कालवण. शालीने ठेवलेलं नाव. मांजर रोज दुकानात यायची, म्हणाली झुहुरा. तो तिला चरबीचे तुकडे घालायचा आणि बोलायचा. मागच्या खोलीतून झुहुराला ऐकू यायचं. मांजरीशी बोलताना त्याची जीभ एकदाही अडखळत नसे.

साऱ्या गावाच्या चुली माहीत असलेल्या खेरीला आपलीच मांजर दुसरीकडे दुसऱ्या नावाने जेवते, हे ठाऊक नव्हतं. थोडा मत्सर वाटला, आणि गंमतही.

"काय बोलायचा गं तो?"

"कोण जाणे," झुहुरा म्हणाली. "मी आत गेले की थांबायचा. म्हणून मी जातच नव्हते."

मग खेरीने व्यवस्था लावली. मशीनपासून लांब, दुकानाच्या कोपऱ्यात खोकं आणि त्यात पोतं. कासिमूने बराच वेळ कुरकुर केली. रोजचे दोन वडे ठरल्यावर कबूल झाला. खेरी सकाळचं काम आटोपून मांजरीबरोबर दुकानापर्यंत जायची, उकडलेला मासा घालायची आणि तिला परत आणायची. बुजलेल्या वाटेपाशी मांजर धडकायच्या आत तिला उचलून पलीकडे ठेवायची. झबिबूचं ओरडणं पुष्कळ कमी झालं.

पण तिचं ते गाव दिवसेंदिवस लहान होत गेलं. एका सकाळी ती दुकानावरून सरळ पुढे निघून गेली, ओळखच नसल्यासारखी. नंतर नंतर मशिदीपर्यंतही जाईना. मग बोळाच्या तोंडापर्यंत, मग नुसती उंबऱ्यापर्यंत. आज तिच्याकडून काय गेलं आणि काय राहिलं, हे खेरी बारकाईने बघत राहायची. साउमूला ते क्रूर वाटे. "रडायचं सोडून तपासत काय बसतेस, ताई?" ती म्हणायची. खेरी म्हणे, बघितलं नाही तर तिला काय लागतंय ते कळणार कसं?

मांजर दुकानात जायची थांबली तशी तिला भेटायला झुहुराच खेरीच्या घरी येऊ लागली. उंबऱ्याशी बसून मांजरीला मांडीवर घ्यायची. झबिबू म्हटलं तर मांजर आता हलत नसे. किटोवेओ म्हटलं की कान मात्र वळे. खेरीने हे पुन्हा पुन्हा करून पाहिलं, आणि मग तीही तिला किटोवेओच म्हणू लागली.

उत्तरेचा वारा सुटला त्या दिवसांत एका सकाळी मांजर पोत्यावर मरून पडलेली सापडली. खेरी आणि झुहुराने तिला मागच्या अंगणात पुरलं. कासिमूने पांढऱ्या कापडाचा तुकडा पाठवला होता.

दुसऱ्या दिवशी झुहुरा नेहमीच्या वेळेला आली. वड्यांचा पहिला घाणा नुकताच निघाला होता. खेरीने तिच्यापुढे पाट सरकवला आणि विचारलं, "शालीला तू पहिल्यांदा पाहिलंस ते कुठे?"

झुहुराने वडा फोडून फुंकर घातली आणि सांगायला सुरुवात केली.