विकतच्या कडब्याची कोप

वेळा अमावस्येला आमच्याकडे रानात ज्वारीच्या कडब्याची कोप उभारतात, तिच्यात लक्ष्मी मांडतात आणि सगळं गाव आपापल्या रानात जेवतं. यंदा काकांनी कडब्याच्या पेंढ्या बाजारातून मोटारसायकलवर आणल्या. आमच्या रानात आता ज्वारीचं एक ताटही नाही. सोयाबीन निघालं की हरभरा, पुन्हा सोयाबीन.

कोपीत बसून काका मोबाइलवर भाव बघत होते. म्हणाले, "परदेशात डुकरांवर रोग पडलाय. त्यांना चारायची आपली सोयाबीनची पेंड कुणी उचलंना. भाव बसला."

आजोबा पेरणीआधी आभाळ बघायचे. ते लहरी खरं, पण निदान आपल्या डोक्यावर होतं. ही समुद्रापलीकडची डुकरं मात्र बांधावर पाय न ठेवता आमची ज्वारी खाऊन गेली. ज्वारीमागून कडबा गेला, कडब्यामागून दावणीची गाय. आणि आम्ही अजून बांधावरून भावकीशी भांडतोय!

जेवणाआधी काकू रिवाजाप्रमाणे आंबिलीचं मडकं घेऊन रानाभोवती फिरल्या. हरभऱ्यावर आंबील शिंपडत मोठ्यानं म्हणाल्या, "आई लक्षुमी, तिकडली डुकरं बरी कर गं."

कुणी हसलं नाही. आम्ही सगळ्यांनी निमूट हात जोडले.