रस्सा न चढलेल्या रंगरूटाचे उस्ताद

सुभेदार काशिनाथ भोईर यांची आणि माझी पहिली ओळख माझ्या आगाऊपणामुळे झाली. बावीस वर्षांपूर्वी फौजेच्या प्रशिक्षण केंद्रात दाखल होऊन मला चारच दिवस झाले होते. साहेब तेव्हा हवालदार, आमच्या प्लाटूनला शिकवणारे उस्ताद. हुकूम हिंदीत, ओरडा हिंदीत. पण माझे कान लहानपणापासून तिखट. त्यांच्या हिंदीतला हेल आमच्या अंबरनाथ पूर्वेकडच्या गावांतला आहे, हे मी ओळखलं. चहाच्या रांगेत संधी साधून हळूच म्हणालो, "उस्ताद, आपण पालेगावचे ना? मी मोरिवलीचा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "यहाँ किसी का कोई गाँव नहीं है," म्हणाले, आणि रायफल डोक्यावर धरून मैदानाला चार फेऱ्या मारायला लावल्या. चहा गेला तो गेलाच. त्यानंतर कित्येक महिने ते माझ्याशी मराठीचा एक शब्द बोलले नाहीत.

साहेबांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी लिहा, असं आमच्या माजी सैनिकांच्या मंडळाने मला सांगितलं. "जाधव, चांगलं चांगलं लिहा हां," अशी ताकीदही दिली. चांगलंच लिहितो आहे. ते आनंदाचं होईल, असं मात्र कबूल केलेलं नाही.

ज्यांच्या घरातलं कोणी फौजेत नाही, त्यांच्यासाठी रंगरूटाचा दिवस थोडक्यात सांगतो. पहाटे चारला शिट्टी. चाळीस जणांत दोन आरसे, म्हणून गाल चाचपत दाढी करायची. पलंगावरची चादर अशी ताणायची की सुरकुती दिसता कामा नये. ती मोडू नये म्हणून आम्ही खाली फरशीवर झोपायचो, पलंग फक्त दाखवायला. मग पीटी, मग ड्रिल. बूट आपटून आपटून टाचा सुन्न. पुऱ्या उभ्याउभ्या गिळायच्या. रायफल खोला, पुसा, जोडा. दुपारी गवत उपटा, दगडांना चुना लावा. संध्याकाळी पुन्हा मैदान आणि हजेरी. घराची आठवण काढायला सवड ठेवलेलीच नसे. ती यायची बूट पॉलिश करताना. त्या वेळी कोणी कोणाच्या तोंडाकडे पाहायचं नाही, असा न सांगता पडलेला रिवाज होता.

या सगळ्यात भोईरसाहेब दोन बाबतींत वेगळे होते. आईबहिणीवरून शिवी त्यांच्या तोंडून मी कधी ऐकली नाही. फार चिडले तर "भीगी हुई बोरी", म्हणजे भिजलेलं पोतं, म्हणत. आणि दर रविवारी ते स्वतः जमिनीवर बसून प्रत्येकाचा पाय हातात घेऊन पाहत. फोड आलेले पाय आम्ही लपवायचो, कारण दवाखान्यात दिवस गेले की प्रशिक्षण मागे पडतं. त्यांच्यापुढे लपवालपवी चालत नसे. फोडावर जांभळं औषध लावताना ते असे गप्प असत, की सकाळी याच पायांवर ओरडणारा माणूस तो हाच का, असं वाटावं.

आता मुद्द्यावर येतो. प्रशिक्षणाच्या शेवटी चाचण्या असतात. नापास होणाऱ्याला मागच्या तुकडीत टाकतात. त्याला रेलिगेट म्हणतात. मी धावण्यात पास झालो, खंदक ओलांडला, पण उभा रस्सा काही चढवेना. वरच्या खुणेपासून हातभर खाली माझे दंड संपले आणि मी घसरत खाली आलो. अशा वेळी एखादे उस्ताद दुसरीकडे बघतात, हे आम्ही ऐकून होतो. साहेबांनी दुसरीकडे पाहिलं नाही. कागदावर 'फेल' लिहिलं. प्रशिक्षण संपताना जिथे शपथ घेतात, त्या कसम परेडला अकरा दिवस उरले होते.

माझे वडील मोरिवलीत एका कंपनीत मशीनवर होते. परेड पाहायला येण्यासाठी त्यांनी रजा टाकली होती, पांढरा शर्ट शिवून घेतला होता, आणि अर्ध्या मोरिवलीला सांगून झालं होतं. रविवारी शेजाऱ्यांकडे फोन लावला तेव्हा खरं सांगायला हवं होतं. पण हुशार माणसाला शेवटपर्यंत वाटत असतं, काहीतरी जमेल, उस्ताद आणखी एक संधी देतील. मी म्हणालो, "सगळं ठीक आहे बाबा, या तुम्ही."

परेडच्या सकाळी मला मैदानामागे रस्स्याजवळच्या दगडांना चुना लावायला बसवलं होतं. भिंतीपलीकडे बँड चालू होता. दिसत काही नव्हतं, पण कोणत्या हुकमाला आमची रांग कुठे वळते, हे मला पाठ होतं. आता तिसऱ्या रांगेत माझी जागा कोणीतरी भरली आहे, हे बुटांच्या आवाजावरून कळत होतं. त्या दिवशी मला माझे कान नकोसे झाले.

परेड सुटल्यावर पोरं आपापल्या आईबापांकडे धावली. आमचे बाबा खुर्चीतच बसून राहिलेले साहेबांनी पाहिले आणि जवळ जाऊन विचारलं. बाबांनी उठून जयभीम घातला आणि म्हणाले, "साहेब, माझा मुलगा सापडत नाही."

साहेब त्यांना घेऊन माझ्यापाशी आले. कोपरापर्यंत चुना माखलेला मी उभा राहिलो. तेव्हा पहिल्यांदा मी त्यांचं मराठी ऐकलं.

"काका, हा नापास झालाय. मी केलाय."

बाबा रस्स्याकडे बघत राहिले. "किती कमी पडला?"

"हातभर."

"हातभर म्हणजे फार नाही, साहेब."

"नाही," साहेब म्हणाले.

बाबा माझ्याशी दोनचार शब्द घरचे बोलले आणि डबा देऊन दुपारच्या गाडीने परतले. नऊ आठवड्यांनी कंपनीतच, मशीनपाशी, त्यांचं हृदय बंद पडलं. तोपर्यंत मी रस्सा चढायला शिकलो होतो. पुढच्या कसम परेडला माझ्या बाजूने कोणी आलं नाही.

पंधरा वर्षं नोकरी करून मी परत आलो. आनंदनगरला लोखंडी रॅक बनवायचं छोटं वर्कशॉप टाकलं. उल्हासनगरचे सिंधी शेठ "साईं, माल कब दोगे?" म्हणत फोनवर माझं डोकं खातात, त्यांच्या कृपेने बरं चाललं आहे. साहेब निवृत्त होऊन पालेगावात राहतात हे मला ठाऊक होतं. चार वर्षं ते समोरून आले की मी रस्ता बदलत असे. हे या ग्रंथात लिहायला लाज वाटते, पण लिहितो.

मग बदलापूरचे शेलार एकदा रॅकचा भाव विचारायला आले. फौजेत ते साहेबांच्या हाताखाली उस्ताद होते. बोलता बोलता म्हणाले, "आमच्याकडे पोरगा रेलिगेट झाला की त्याच दिवशी साहेब त्याच्या घरी पोस्टकार्ड टाकायचे. स्वतःच्या हाताने. कशात कमी पडला, तब्येत कशी आहे, आत्ता येऊ नका, मी कळवीन तेव्हा या. एवढंच. लिहिताना दार लावून घ्यायचे. का, ते कोणी विचारलं नाही." कधीपासून, असं मी विचारलं. शेलारांनी साल सांगितलं. ते माझ्या परेडचं साल होतं.

मी पालेगावला गेलो. साहेबांनी मला लगेच ओळखलं. मी सरळच विचारलं, एक खूण पास म्हणून केली असती तर काय बिघडलं असतं? माझ्या बापाने मला पाहिलं असतं.

"पाहिलं असतं," ते म्हणाले. "आज पुन्हा तीच वेळ आली तरी मी फेलच लिहीन, जाधव. पण ते खुर्चीवरून उठून उभे राहिले, ते अजून माझ्यासमोर उभेच आहेत."

पालेगावात आता मैदान उरलेलं नाही, टॉवर झाले आहेत. रविवारी ट्रक कमी असतात, तेव्हा साहेब भरतीच्या पोरांना एमआयडीसीच्या रस्त्यावर पळवतात. भरतीत जो बाद होतो, त्याच्या घरी तो पोचायच्या आत साहेब जाऊन बसलेले असतात.

गेल्या वर्षी त्यांच्या हृदयात स्टेंट बसवला. साठीच्या सत्काराचं आमंत्रण द्यायला ते स्वतः आमच्या घरी आले, तीन जिने चढून. आईने पाणी दिलं आणि आत गेली. ते गेल्यावर मला म्हणाली, "मी नाही येणार, अनिल. माझ्याच्यानं त्यांना हार घालवणार नाही." मी बरं म्हणालो. हा लेख लिहायला बसलो, तेव्हा ती जवळ येऊन उभी राहिली आणि "माझ्याही नावाने दोन ओळी घाल," म्हणाली. साहेबांना शतायुषी व्हा म्हणणारे या ग्रंथात पुष्कळ आहेत, मीही त्यांच्यात आहेच. पण शेवटी आईच्याच ओळी देतो, तिने सांगितल्या तशा:

"भोईरसाहेब, जिने चढत जाऊ नका. गोळ्या वेळेवर घ्या. आमच्या ह्यांनी घेतल्या नव्हत्या. तुम्ही पुष्कळ जगा."