माकूल आणि उघाडी

मी शिकायला विलायतेला निघालो तो दिवस अमावास्येचा, म्हणजे मोठ्या भरतीचा, उधाणाचा. स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली होती. पनवेलच्या एसटी स्टँडवर आई होती, शाळेतले मास्तर होते, गव्हाणची मामीसुद्धा आली होती; बा तेवढा नव्हता. तो आमच्या मिठागराच्या उघाडीवर होता. उघाडी म्हणजे बांधातलं लाकडी दार. भरतीला ते उचलून खाडीचं पाणी आत घ्यायचं आणि वेळेवर बंद करायचं. “उधानाचं पानी कुनासाठी थांबत नाय,” एवढं सकाळी म्हणाला आणि फावडं खांद्यावर टाकून गेला. एकुलता एक मुलगा मिठागर सोडून चालला, याचा राग होता. पुढं आईच्या पत्रांत त्याचा एक शब्द नसायचा. मी फारसा हळवा नाही, पण ते लागलं.

लॅबमध्ये पहिल्याच दिवशी प्रोफेसरांनी पुढ्यात माकूल, म्हणजे स्क्विड, ठेवलं आणि म्हणाले, साफ कर. आम्ही खाडीकाठची माणसं! साल सोललं, डोकं ओढून काढलं, आतून खरवडून पांढरंशुभ्र केलं. प्रोफेसर बघतच राहिले. ज्या दोऱ्याएवढ्या मज्जातंतूसाठी ते माकूल समुद्रावरून आणवलं होतं, तो मी कचऱ्यात टाकला होता. उरलेल्याचं संध्याकाळी कालवण केलं, तर लँडलेडीनं घरातल्या सगळ्या खिडक्या उघडल्या.

मग हळूहळू शिकलो. तंतूच्या पातळ पापुद्र्यात बारीक दारं असावीत, असं धरलं की आमची मोजमापं जुळायची. दार उघडलं की बाहेरच्या खाऱ्या पाण्यातला सोडियम आत घुसतो, तिथली वीज पालटते आणि त्या धक्क्यानं पुढचं दार उघडतं. मागचं लगेच बंद होतं आणि थोडा वेळ उघडतच नाही, म्हणून संदेश मागं फिरत नाही. यंत्राच्या पडद्यावरची रेघ उसळून खाली आली की मला बा दिसायचा. शेवटी त्यालाच हे सगळं सोपं करून लिहिलं. खाली विचारलं, इथं कायमची नोकरी देतायत, राहू की येऊ?

उत्तर आलं. अक्षर मास्तरांचं, शब्द बाचे. “पोरा, मास्तरानी वाचून दावलं. ही तर आपली उघाडीच हाय. पानी आत घेतलं आनि दार नाय लावलं, तर ओहोटीला सगलं परत जातं, मीठ पिकत नाय. तू आता आत गेलायस. दार लाव. आमची कालजी करू नको.”

हेच ऐकायला मी इतकी वर्षं थांबलो होतो. पत्र हातात घेऊन लॅबच्या पायरीवर बसलो आणि रडलो.

मी राहिलो. बा जाऊन तीन वर्षं झाली, मिठागर आता चुलतभाऊ बघतो. गाव सोडलेल्यांना वेगळं सांगायला नको, पण अमावास्या आली की पनवेलच्या खाडीला भरती किती वाजता, हे मी अजून काढून बघतो. बानं सांगितलेलं दार लावायचं तेवढं एक काम माझ्याकडून झालं नाही.