हर्षदाचा ट्रायल बॅलन्स

"चौधरी सर, इस बच्ची को आर्ट्स दिलवा दो. उसी का भला है."

असं म्हणून तिवारी सरांनी चाचणी परीक्षेची एक उत्तरपत्रिका टेबलावरून माझ्याकडे सरकवली. तिवारी सर आमचे एच.ओ.डी., म्हणजे कॉमर्स विभागाचे प्रमुख. मी त्यांच्या हाताखाली बी.कॉम. फर्स्ट इयरला अकाउंटन्सी शिकवतो. बुऱ्हाणपुरात हेच काम इतकी वर्षं करतोय, की आता जुन्या विद्यार्थ्यांची पोरं वर्गात येऊन बसतात आणि बापासारख्याच चुका करतात.

पेपर हर्षदा महाजनचा होता. बहादरपूरची मुलगी, घरी केळीची शेती. जन्मापासून डोळ्यांनी दिसत नाही. वर्गात पहिल्या बाकावर बसायची, फोनवर माझं लेक्चर रेकॉर्ड करायची आणि मी घाईत एखादी रक्कम चुकलो की भर वर्गात, "सर, आधी वेगळी सांगितली होती," म्हणायची. राग यायचा, पण बरोबर असायची.

मी पान उघडलं आणि कपाळावर हात मारला. विचारला होता ट्रायल बॅलन्स. त्याला आपल्या मराठीत तेरीज म्हणतात, इकडची पोरं तलपट म्हणतात. भानगड सोपी आहे. धंद्याच्या सगळ्या खात्यांची शिल्लक एका पानावर मांडायची. जे तुमच्याकडे आहे किंवा जे खर्च झालं, ते डावीकडे. ते डेबिट. जे दुसऱ्याचं देणं आहे किंवा जे कमावलं, ते उजवीकडे. ते क्रेडिट. शेवटी दोन्ही बाजूंची बेरीज सारखी आली पाहिजे. नाही आली, तर कुठेतरी माती खाल्लेली असते.

हर्षदाच्या पानावर डावं-उजवं काहीच नव्हतं. मामाला पत्र लिहावं तसं सगळं सलग लिहिलेलं. 'मशीनरी बायीं तरफ, पूंजी दाहिनी तरफ, किराया बायीं तरफ...' एकही आयटम चुकीचा सांगितलेला नव्हता. पण कॉलम नाहीत, बेरीज नाही, तर मार्क कशाला देणार?

यात राइटरचीही चूक नव्हती. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी पेपर लिहायला दुसरा विद्यार्थी बसवतात, त्याला आम्ही राइटर म्हणतो. तो त्या विषयाचा असून चालत नाही, नाहीतर तोच पेपर सोडवेल. आमची राइटर आफ्रीन, बी.ए.ची. अक्षर मोत्यासारखं, पण अकाउंटन्सीचं पान तिने जन्मात पाहिलेलं नव्हतं. जे कानावर पडलं ते बिचारीने लिहिलं.

"सर, तिला सगळं येतंय," मी म्हणालो.

"मालूम होगा. पर एक्झामिनर कान से तो नहीं जांचेगा," तिवारी सर म्हणाले. "परीक्षा का फॉर्म भरने से पहले सब्जेक्ट बदल सकते हैं. बाद में तीन साल रोएगी." माणूस वाईट नाही. मनापासून सांगत होता.

दुसऱ्या दिवशी मी हर्षदाला वडिलांसोबत बोलावलं. वडील दारातच उभे राहिले. "सर, म्या तं म्हनलं, आर्ट्स घे बाई. पन आयकत नाही ही पोरगी."

माझंही डोकं जरा गरमच होतं. "काय गं, एवढा कसला हट्ट? आर्ट्सला काय काटे लागलेत?"

ती म्हणाली, "सर, बस कुठली आली ते मला विचारावं लागतं. ड्रेसवर ओढणी मॅच होते का, विचारावं लागतं. कुणी सांगेल तेच खरं. ट्रायल बॅलन्सच्या दोन्ही बाजू मिळाल्या ना, की मला माझं समजतं, आपण बरोबर आहे. कुणाला विचारावं लागत नाही."

इतकी वर्षं हा विषय शिकवतोय. पास व्हायला, बँकेत लागायला, दुकान सांभाळायला तो घेणारे भरपूर पाहिले. असं कारण कुणी सांगितलं नव्हतं. वडिलांनी तोंड फिरवून डोळे पुसले. मी उठून सरळ तिवारी सरांकडे गेलो.

"एक चान्स द्या. तुमच्या केबिनमध्ये, तुमच्यासमोर. तुम्हीच पेपर काढा."

त्यांनी पेन टेबलावर ठेवलं. मग म्हणाले, "ठीक है. फॉर्म से पहले. लेकिन नहीं बना तो आर्ट्स, और आप फिर बहस नहीं करोगे."

मी हो म्हणालो. म्हणायला काय जातं?

हर्षदाला सांगितलं तर ती घाबरली वगैरे नाही. म्हणाली, "सर, ते पान कसं असतं ते सांगा. मला खाती माहीत आहेत, पान माहीत नाही." मी तिचं बोट धरून कागदावर फिरवलं. इथे नंबर, इथे खात्याचं नाव, इथे डेबिटची रक्कम, इथे क्रेडिटची. उत्तरपत्रिकेवर ओळी छापलेल्याच असतात, एका ओळीत एक खातं.

"हे तर आमच्या बागेसारखं झालं," ती म्हणाली. "मी केळीत ठिबकच्या नळीला पाय लावत चालते. चौथी ओळ, सहावं झाड. बाबांनी हाक मारली की तिथेच जाते."

झालं. तिने पानाची बाग करून टाकली. घरी आईला लिहायला बसवलं. त्या माउलीचा हिशोबाशी संबंध बाजारापुरता. हर्षदा सांगायची, "चौथी ओळ. नावाच्या खणात भाडं. आता डावा खण, सहा हजार." दर दोन-तीन दिवसांनी आईच्या हातची पानं माझ्यासमोर यायची. पहिली पानं म्हणजे निव्वळ गोंधळ. मग ओळी सरळ झाल्या. मग बेरजा खाली आल्या. शेवटच्या पानावर मी लाल पेन टेकवायला जागा शोधत होतो. स्टाफरूममध्ये चारचौघांना ते पान दाखवलं, अगदी माझ्याच पोरीने लिहिल्यासारखं.

टेस्टच्या दिवशी तिवारी सर त्यांच्या खुर्चीत, मी कोपऱ्यात. टेबलाच्या अलीकडे हर्षदा आणि तिच्या बरोब्बर समोर, पलीकडे, आफ्रीन. मला तोंड उघडायची बंदी होती. आफ्रीन प्रश्न वाचायची, हर्षदा ओळ आणि खण सांगायची. गाडी झकास चालली होती. तिवारी सरांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला.

मग हर्षदाला ठसका लागला. आफ्रीनने वाचलं, "कमीशन मिला, साढ़े चार हजार." कमिशन मिळालं म्हणजे कमाई, म्हणजे क्रेडिट, उजवीकडे. हर्षदाला बोलवेना. तिने नुसता उजवा हात वर केला.

समोर बसलेल्या आफ्रीनला तो हात कुठल्या बाजूला दिसला असेल? तिच्या डाव्या. तिने रक्कम डाव्या खणात लिहून टाकली.

मला कोपऱ्यातून स्वच्छ दिसलं. बोलावं तर टेस्ट रद्द, न बोलावं तर पोरगी आर्ट्सला. मी खुर्चीचा हात घट्ट धरून बसलो. हर्षदा पाणी प्यायली आणि पुढच्या ओळीवर गेली. तिला कल्पनाच नाही.

सगळं संपल्यावर आफ्रीनने कॅल्क्युलेटरवर बेरजा केल्या. "बायीं तरफ दो लाख चौंतीस हजार पाँच सौ. दाहिनी तरफ दो लाख पच्चीस हजार पाँच सौ."

हर्षदाचा चेहरा उतरला. "फिर से जोड."

आफ्रीनने पुन्हा केल्या. तेच आकडे. तिवारी सरांनी माझ्याकडे पाहिलं आणि हळूच मान हलवली. मी खाली बघितलं. काय करणार?

हर्षदाने दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले. ओठ हलत होते. "नौ हजार का फरक है," ती स्वतःशीच म्हणाली. "आधा, साढ़े चार हजार." थोडं थांबली. "आफ्रीन, ग्यारहवीं लाइन. कमीशन. किस खाने में लिखा?"

"बायें में. तूने हाथ इधर किया था ना?"

"मेरा दाहिना था. तेरे सामने उलटा दिखा. गलती मेरी, बोलना चाहिए था. काट के दाहिने में लिख."

आता हे काय झालं ते सांगतो. एखादी रक्कम चुकून पलीकडच्या बाजूला गेली, तर ती एका बाजूला वाढते आणि दुसरीकडून कमी होते. म्हणून फरक तिच्या दुप्पट पडतो. फरकाला दोनने भागायचं आणि तेवढी रक्कम शोधायची. मी वर्गात हे एकदाच सांगितलं होतं, तेही घंटा होता होता, पोरं दप्तरं आवरत असताना. या पोरीने ते ऐकलं होतं. आणि एवढी सगळी खाती, त्यांच्या रकमा, कुठली कितव्या ओळीत, हे सगळं तिच्या डोक्यात जागच्या जागी होतं. डोळे शाबूत असलेल्या माझ्या अख्ख्या वर्गातून हे कुणाला जमलं नसतं. खरं सांगू? मलाही पान पुढ्यात लागलं असतं.

आफ्रीनने खोडून लिहिलं. बेरजा केल्या. दोन्हीकडे दोन लाख तीस हजार. "मिल गया!" ती जवळजवळ ओरडलीच.

हर्षदा हसली. बरोबर आहे का, असं तिने कुणालाही विचारलं नाही. तिवारी सरांनाही नाही, मलाही नाही.

तिवारी सरांनी पान हातात घेतलं, वरून खालपर्यंत वाचलं आणि पूर्ण मार्क दिले. खाडाखोडीचा अर्धा मार्क ते एरवी हमखास कापतात. मग तिचा परीक्षेचा फॉर्म मागवून घेतला आणि विषयात काहीही न बदलता सही केली.

वार्षिक परीक्षेत हर्षदा अकाउंटन्सीत चांगल्या मार्कांनी पास झाली. आता सेकंड इयरला आहे आणि तिथल्या सरांच्या चुका काढते, असं ऐकतो. बरं वाटतं.

आमच्या विभागाने यातून एकच धडा घेतला, तोही त्या दिवशीच. सही झाल्यावर तिवारी सर उठले, टेबलाला वळसा घालून गेले, आफ्रीनला उभं केलं आणि तिची खुर्ची स्वतः उचलून हर्षदाच्या शेजारी आणून ठेवली.

"आगे से," ते मला म्हणाले, "राइटर यहां बैठेगी."