निळ्या ड्रममधली वेल

गावात राहिलेल्या आणि गाव सोडलेल्या समस्त मंडळींना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते, की इंदिरानगरातल्या आमच्या गच्चीवर, निळ्या ड्रममध्ये वाढलेल्या एकुलत्या एक द्राक्षवेलीची छाटणी काल यथासांग पार पडली. नारळ फोडला. गच्ची गळते म्हणून सोसायटीच्या सेक्रेटरींनी हरकत घेतली. खोबरं देऊन ती मिटवली.

हसू नका. दिंडोरीजवळच्या आमच्या मळ्यातून बँकेच्या नोकरीसाठी निघाले, तेव्हा "पुन्हा कात्रीला हात लावला तर नाव बदलेन!" असं ओरडून मी एसटीत चढले होते. परदेशगमन कुठवर, तर नाशिकपर्यंत. तासाभराचा रस्ता. तरी आई अशी रडली, की कंडक्टरने काळजीने विचारलं, "लय लांब चालली का पोर?" नाना, म्हणजे माझे वडील, रडले नाहीत. कात्री खिशात घालत एवढंच म्हणाले, "जा. सावलीत बसून काम कर."

बसले. आधी पंख्याखाली, मग एसीत. पोटासाठी काम केलं, चोख केलं, पण काउंटरवर कधी गाणं गुणगुणले नाही. वेल छाटताना मात्र गुणगुणते. काडीवरचे डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या जागा, मोजावेत, कात्री लावावी, कचकन आवाज यावा... अहाहा! उन्हाळ्याच्या तोंडाशी दोन-चार घड येतात, आंबटढाण. शेजारी तोंड वाकडं करून "छान" म्हणतात.

बँकेत मी नानांच्या गोष्टी रंगवून सांगायचे. आभाळ भरून आलं की नाना वाढलेलं ताट सोडून बागेत धावायचे. थंडी कडाडली की ओळींमधून शेकोट्या पेटवायचे. "याला म्हणतात जीव लावणं!" असं म्हणत मी टेबलावर थाप मारायचे. ऐकणाऱ्याचे डोळे पाणावले की मला कोण आनंद!

यंदा माल निघाल्यावर धाकट्या भावाचा, संतोषचा, फोन आला. बाग काढतोय म्हणाला. मी धावत मळ्यात गेले आणि अंगणातच भाषण ठोकलं. दर रविवारी येईन, छाटणी मी करीन, पण बाग ठेव. नानांचा जीव आहे तिच्यात!

संतोष कंबरेला पट्टा आवळत होता. "ताई, तुला रविवारची हौस हे. मला रोज पहाटं फवारणी हे. पोरगं पुण्याला, कंबर ही अशी. तूच सांग, काय करू?"

मी भाषण तिथेच गुंडाळलं. येताना त्या बागेतली एक काडी तेवढी पिशवीत घातली, ती ड्रममधल्या वेलीशेजारी लावली. कुणी विचारलंच तर सांगते, माझं माहेर आता निळ्या ड्रममध्ये मावतं.

पण बाग काढली त्या दिवशीचं सांगायचं राहिलं. जेसीबी आला. नानांना सावलीत खुर्ची दिली. मी रुमाल घेऊन शेजारी उभी. त्यांना हुंदका आला तर आधाराला मीच हवी ना! पहिली ओळ मुळांसकट वर आली, मांडवाच्या तारा झणझणल्या, आणि मीच रडायला लागले, थेट आईच्या तोडीचं. संतोषने मान फिरवली.

नाना बघत राहिले. मग त्यांनी सवयीने आभाळाकडे पाहिलं. पश्चिमेला काळा ढग चढत होता. ते उठले नाहीत. टोपी काढून मांडीवर ठेवली, पाय लांब केले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "सुटलो बाबा एकदाचा!"