डोळ्याचा कागद

खंडेनवमीला आमच्या मानवत गावात जो तो आपापली हत्यारं पुजतो. आमच्या वडिलांची इथं पंचाईत व्हायची. ते जिनिंगमध्ये कापूस पारखायचे. चिमूटभर कापूस डोळ्यापुढं धरायचा, धागा ओढून बघायचा आणि प्रत सांगायची. म्हणजे हत्यार काय, तर डोळा. तो काढून पाटावर ठेवता येईना, म्हणून ते डोळ्याचा कागद ठेवायचे.

कागद हैदराबादच्या एका डॉक्टरनं दिलेला. मी पाळण्यात असताना वडिलांच्या उजव्या डोळ्यामागं, खोबणीत गाठ झाली होती. त्यानं ती काढली आणि डोळा वाचवला. वडील उर्दूत शिकलेले, म्हणून कागदही उर्दूतच लिहून दिला. त्यात काय लिहिलंय विचारलं की वडील ऐटीत सांगायचे, "बीमारी खतम. आता बिनघोर ऱ्हा म्हणलेत." आई दरवर्षी त्या कागदाला हळदकुंकू लावायची, वर झेंडूचं फूल. मी शिकून मास्तरीण झाले, वालूरच्या पोरांना अडाणीपणा किती वाईट ते छडी घेऊन शिकवलं आणि नवमीला घरी येऊन त्या कागदाच्या पाया पडले. शिक्षण वाया जात नाही म्हणतात ते असं.

पंचवीसेक वर्षांनी तोच डोळा बाहेर यायला लागला. गावात वैद्यांना काय तोटा! कुणी उष्णता म्हणालं, कुणी नजर. वडील म्हणाले, कापसाचं कस्पट गेलं असंल. मी गाठीचं नाव काढलं तर माझ्यावरच डाफरले, "कागदावर लिवलंय न्हवं, खतम म्हणून? डॉक्टरापरीस तू लय शानी हायस का?" वडीलधाऱ्यांशी वाद घालू नये, म्हणून मी गप्प बसले. चांगले सहा महिने गप्प बसले. माझ्या त्या संस्कारांचा मला आजही संताप येतो.

शेवटी औरंगाबादला न्यायचं ठरलं. विद्यापीठाच्या नामांतराच्या दंगलींचे दिवस, एसट्या एक दिवस चालू तर दोन दिवस बंद. त्या अडकलेल्या दोन दिवसांत मला अक्कल सुचली आणि मी कागद घेऊन समोरच्या शिंपीचाचांकडं गेले. चाचा उर्दू वाचायचे. आमच्या दारापासून वीस पावलांवर बसायचे, माझी सगळी पोलकी त्यांनीच शिवलेली. पण इतक्या वर्षांत त्यांना कागद दाखवावा, एवढं डोकं आमच्या सुशिक्षित घरात कुणाला नव्हतं.

चाचांनी नखानं कुंकू खरवडलं. "लिखे हैं, हर साल आके दिखाना. ये गाठ बीस साल बाद बी पलट के आती. भूलना नक्को." मग चष्मा काढून माझ्याकडं बघितलं. "तुमारे बापू कू तो पढना आता ना, बेटी?"

येत होतं. चांगलं येत होतं.

तिसऱ्या दिवशी एसटीत मी विचारलं, "बापू, का नाही सांगितलं?" ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "दरसाली जाऊन इचारायचं, आवंदा मरतो का जगतो? मला न्हाई झेपलं. तुमी तरी खुशीत ऱ्हावं म्हणलं." मी भांडायची तयारी करून बसले होते. मला रडूच आलं.

औरंगाबादच्या डॉक्टरनं आठ दिवस ठेवून घेतलं, तपासण्या केल्या आणि इंग्रजीत कागद दिला. मी तो व्हरांड्यात उभ्यानं वाचला. गाठ हाड खाऊन मेंदूत गेली होती. आता काही करता येणार नाही, पुन्हा आणायची गरज नाही.

वडील बाकड्यावर बसले होते, उजव्या डोळ्यावर रुमाल धरून. इंग्रजी त्यांना येत नव्हतं. "काय लिवलंय?"

"दरवर्षी येऊन दाखवायचं लिहिलंय," मी म्हणाले.

 त्यांनी कागद माझ्या हातातून घेतला, नीट घडी घातली आणि बंडीच्या आतल्या खिशात ठेवला.

"आता चुकवायचं न्हाई," ते म्हणाले. "पुढल्या साली नवमी झाली की येऊ."